थर राहतात का? मॉलिब्डेनम डायसल्फाइड अ‍ॅनोडच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

आज विषय ठरला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: ग्राफीनसारख्या (ग्राफीन म्हणजे कार्बनची एका अणूइतकी पातळ चादर) थरांच्या पदार्थापासून लिथियम-आयन बॅटरीचा अ‍ॅनोड. मॅडमनी तीन पदार्थ सुचवले होते. टायटॅनियम कार्बाइडचे मॅक्सीन, फॉस्फोरीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड. मॅक्सीन करायचे तर हायड्रोफ्लोरिक आम्लात काम करावे लागते, आमच्याकडे त्याची सुरक्षित सोय नाही. फॉस्फोरीन हवेत टिकत नाही. उरले मॉलिब्डेनम डायसल्फाइड. लॅबमध्ये सगळे त्याला नुसते ‘मॉली’ म्हणतात, मीही तेच लिहीन.

रात्री घरी फोन केला. सांगलीला आमचे गॅरेज आहे. बाबा म्हणाले, “मॉली म्हणजे मॉली ग्रीसमधली का गं? सीव्ही जॉइंटला भरतो ती?” तीच. मॉलिब्डेनमच्या अणूंची एक चादर आणि तिच्या वर-खाली गंधकाच्या अणूंची, असा एक थर. थराच्या आतले बंध घट्ट, पण दोन थरांमधली पकड सैल. म्हणून थर एकमेकांवरून सरकतात आणि वंगण होते. पेन्सिलीतले ग्राफाइट कागदावर उतरते तेही यामुळेच. ज्या सैल जागेमुळे जॉइंट गुळगुळीत फिरतो, त्याच जागेत लिथियमचे आयन शिरतात. ग्राफाइटमध्ये दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते, मॉलीत जवळजवळ दुप्पट, ०.६१५.

मला हा विषय आवडला तो या आकड्यांमुळे. आजच्या बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांत अ‍ॅनोड ग्राफाइटचा असतो, आणि ग्राफाइट सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम धरते. एक मोल इलेक्ट्रॉनचा भार २६,८०१ मिलिअँपिअर-तास, त्याला सहा कार्बनच्या वजनाने म्हणजे ७२.०७ ग्रॅमने भागले की ३७२ येतात. मॉलीच्या एका रेणूमागे चार लिथियम धरले, तर २६,८०१ गुणिले ४ भागिले १६०.०७, म्हणजे ६७०. (हे सगळे मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. पुढे धारकतेचा, म्हणजे एका ग्रॅममध्ये किती भार मावतो त्याचा, नुसता आकडा लिहीन.)

शब्दाची एक अडचण इथेच नोंदवून ठेवते. शाळेच्या पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ते बरोबर आहे. पण बॅटरी वीज देत असताना अ‍ॅनोड हे ऋण टोक असते. घोळ नको, म्हणून या वहीत अ‍ॅनोड आणि कॅथोड हेच शब्द.

११ जुलै, गुरुवार

दिवसभर वाचन. मॉली बॅटरीत पहिल्यांदा आली ती अ‍ॅनोड म्हणून नव्हे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेल कंपनीत टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांत लिथियम आत-बाहेर करून दाखवला, तो कॅथोड होता. पुढे कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या मोली एनर्जीने मॉलीचा कॅथोड आणि लिथियम धातूचा अ‍ॅनोड घेऊन पुन्हा चार्ज होणारे सेल बाजारात आणले. १९८९ मध्ये जपानमध्ये ते सेल असलेल्या मोबाइल फोनना आगी लागल्या आणि माल परत घ्यावा लागला. लिथियम धातूवर चार्ज होताना सुईसारखे काटे वाढतात, ते सेपरेटर (दोन टोकांमधला पातळ पडदा) भेदून पलीकडे पोचले की शॉर्ट होतो. १९९१ मध्ये सोनीने लिथियम धातू काढून कार्बनचा अ‍ॅनोड घेतला आणि आजची लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली.

म्हणजे जो पदार्थ मी अ‍ॅनोड म्हणून घेतेय, तो चाळीस वर्षांपूर्वी कॅथोड होता. लिथियम धातूच्या तुलनेत मॉलीत लिथियम शिरतो तो साधारण १.१ व्होल्टला, ग्राफाइटमध्ये ०.१ च्या आसपास. अ‍ॅनोडला व्होल्टेज जितके कमी तितके चांगले, कारण पूर्ण सेलचे व्होल्टेज म्हणजे कॅथोड वजा अ‍ॅनोड. मॅडमना हे विचारले. म्हणाल्या, “वहीत लिहून ठेव. डिसेंबरात लागेल.”

१९ जुलै, शुक्रवार

ग्राफीन ऑक्साइड. मॉली स्वतः विजेची सुमार वाहक आहे, शिवाय तिचे पातळ थर पुन्हा एकमेकांवर बसतात. म्हणून ती ग्राफीनच्या चादरींवर वाढवायची आणि चादरींसाठी आधी ग्राफाइट ऑक्साइड करायचे. हमर्सची १९५८ ची पद्धत आहेच, पण तिच्यात सोडियम नायट्रेटमुळे विषारी वायू निघतात. २०१० मध्ये सुधारलेली कृती घेतली: ग्राफाइट १ ग्रॅम, पोटॅशियम परमँगनेट ६ ग्रॅम, संहत सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक आम्ल ९ : १ प्रमाणात.

परमँगनेट चिमटीचिमटीने, बर्फात ठेवलेल्या भांड्यात. घाई केली तर मँगनीज हेप्टॉक्साइड साठते आणि ते तापले की स्फोट होतो. लॅबमधले मामा सकाळीच बर्फाच्या दोन बादल्या घेऊन आले होते. मिश्रण आधी हिरवेगार झाले. मग रात्रभर ५० अंशांवर ढवळत ठेवले.

२० जुलै, शनिवार

सकाळी लगदा तपकिरी. बर्फावर ओतून हायड्रोजन पेरॉक्साइड घातले आणि एका क्षणात सगळे झेंडूसारखे पिवळे. हे पाहायला शेजारच्या लॅबमधले दोघे आले होते.

२६ जुलै, शुक्रवार

आठवडा धुण्यात गेला. आम्ल निघत जाते तसा पदार्थ फुगून जेलीसारखा होतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये बसायलाच तयार होत नाही. काल पुण्यात पावसाने हाहाकार होता, खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांत पाणी शिरले. मी लॅबला पोचले नाही. नळ्या दिवसभर तशाच राहिल्या, नुकसान काही नाही.

एक्स-रे थरांवरून कोणत्या कोनात परततात यावरून थरांतले अंतर कळते, कोन लहान तितके अंतर मोठे. चित्रात शिखर १०.६ अंशांवर, म्हणजे अंतर ०.८३ नॅनोमीटर. ग्राफाइटचे २६.५ अंशांचे शिखर पूर्ण गेले. ऑक्सिजनचे गट आणि पाणी आत शिरल्याने थर लांब झाले आहेत. ग्राफीन ऑक्साइड चांगले जमले.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सोडियम मॉलिब्डेट ०.४८ ग्रॅम, थायोयुरिया ०.७६ ग्रॅम, ग्राफीन ऑक्साइड १०० मिलिग्रॅम, एकूण ७० मिलिलिटर पाण्यात. टेफ्लॉनचे भांडे १०० मिलिलिटरचे, पण ७० हून जास्त भरायचे नाही, वरची जागा वाफेची. पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये आवळून २०० अंशांवर २४ तास. पहिला घाणा वाया गेला. मध्यरात्री लाईट गेली, ओव्हन थंड झाला आणि सकाळी किती तास तापला याचा हिशेबच लागेना. दुसरा आज उघडला. फ्यूम हूडमध्ये उघडूनही सडक्या अंड्याचा वास आला, थायोयुरिया फुटून हायड्रोजन सल्फाइड होतो त्याचा. तळाशी काळा स्पंजसारखा गोळा, वर पाणी जवळजवळ नितळ. ग्राफीन ऑक्साइडचा तपकिरी रंग कुठेच नाही, म्हणजे तेही याच भट्टीत क्षपण झाले.

१४ ऑगस्ट, बुधवार

एक्स-रेने दोन दिवस छळले. मॉलीचे पहिले शिखर १४.४ अंशांवर हवे. माझ्या नमुन्यात तिथे काहीच नाही आणि ९.४ अंशांवर एक रुंद शिखर. मला वाटले, ग्राफीन ऑक्साइड क्षपण न होता राहिले. पण ते १०.६ ला होते, ९.४ ला नाही. दादाने (आमचा पीएच.डी.चा सिनियर) चित्र पाहून विचारले, “१८.८ ला काही आहे का बघितलंस?” होते. ९.४ म्हणजे थरांचे अंतर ०.९४ नॅनोमीटर आणि १८.८ म्हणजे बरोबर त्याचा निम्मा, ०.४७. एकाच अंतराची पहिली आणि दुसरी श्रेणी. म्हणजे मॉलीच झाली आहे, फक्त तिचे थर फाकले आहेत. थायोयुरियातून निघालेले अमोनियम आयन थरांमध्ये अडकून बसतात, त्यामुळे असे होते.

दादाचा हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. एका शिखरावर विश्वास ठेवायचा नाही, त्याचे भावंड शोधायचे.

अर्धा नमुना आर्गॉनमध्ये ६०० अंशांवर दोन तास तापवला. शिखर १४.२ वर आले, अंतर ०.६२. अमोनियम गेले, थर जवळ आले. रामन चाचणीत (लेसरच्या प्रकाशाने अणूंची कंपने ओळखतात ती) मॉलीची ३८० आणि ४०५ च्या आसपासची जोडी आणि कार्बनची १३५० व १५८५ ची जोडी, दोन्ही स्वच्छ.

२८ ऑगस्ट, बुधवार

स्लरी, म्हणजे इलेक्ट्रोडच्या लेपाचे मिश्रण. क्रियाशील पदार्थ (ग्राफीनवरची मॉली) ८० भाग, वीज वाहण्यासाठी सुपर पी कार्बन १०, चिकटवायला बाइंडर पीव्हीडीएफ १०, द्रावक एनएमपी. धिरड्याच्या पिठाइतकी घट्टसर झाली की तांब्याच्या पातळ पत्र्यावर ओढायची. काल ओढलेला पत्रा आज पाहिला तर वरचा लेप पापड्यासारखा सुटलेला. पावसाळी हवेत एनएमपी ओल शोषून घेते, आणि पाणी लागले की पीव्हीडीएफ विरघळलेले राहत नाही, गुठळ्या होऊन बाहेर पडते. आज खोलीत डीह्युमिडिफायर लावून पुन्हा केले आणि ओढल्या ओढल्या ८० अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवले. लेप धरला. रात्रभर निर्वात ओव्हनमध्ये १२० अंश.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिले आठ कॉइन सेल, म्हणजे नाण्यासारखे चपटे सेल. ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही दशलक्षात अर्ध्या भागाखाली. इलेक्ट्रोलाइटमधले (लिथियमचे आयन वाहून नेणारे द्रावण) लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट ओलाव्याशी गाठ पडताच हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करते. खालची वाटी, १२ मिलिमीटरची चकती, सेपरेटर, इलेक्ट्रोलाइटचे थेंब, लिथियमची चकती, स्पेसर, स्प्रिंग, वरचे झाकण आणि क्रिंपरचा दाब. रबरी हातमोज्यांतून चिमट्याने स्प्रिंग मधोमध बसवणे ही सवयीची गोष्ट आहे. पहिल्या सेलला ४० मिनिटे लागली, आठव्याला ९.

या सेलमध्ये समोर लिथियम धातू आहे, म्हणून मॉलीत लिथियम शिरणे हे ‘डिस्चार्ज’ ठरते. खऱ्या बॅटरीत तेच चार्जिंग असते. वहीत मी ‘भरणे’ आणि ‘रिकामे करणे’ असेच लिहिणार.

सेल ०.०१ ते ३ व्होल्टच्या मर्यादेत, १०० मिलिअँपिअर प्रति ग्रॅम प्रवाहावर चालू केले. उद्या संध्याकाळच्या गाडीने सांगली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गौरी काल गेल्या, आज सकाळी परत. सात सायकल झाल्या आहेत (एकदा भरणे आणि एकदा रिकामे करणे म्हणजे एक सायकल).

पहिल्यांदा भरताना १३९०. रिकामे करताना ९८५. सातव्या सायकलला १०४०.

ग्राफाइट ३७२. मला १०४०. पाच मिनिटे खुर्चीत नुसती बसून राहिले. मग मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी आलेख उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “मॉलीचा सिद्धांताचा आकडा किती?” ६७०. “मग हे वरचं कुठून आलं? ते सापडेपर्यंत हा आकडा कुणाला सांगू नकोस.”

पहिल्या भरण्यातले ४०५ परत आले नाहीत हे समजण्यासारखे आहे. व्होल्टेज साधारण ०.८ च्या खाली गेले की इलेक्ट्रोलाइट फुटून इलेक्ट्रोडवर पातळ पापुद्रा धरतो, त्याला एसईआय थर म्हणतात. नवा बिडाचा तवा मुरवताना पहिले तेल तवाच पितो, तसा तो लिथियम पितो. पण मुरलेला तवा पुढे कामाला येतो आणि हा थरही येतो, चांगला बसला तर तो पुढचे फुटणे थांबवतो. भरणे आणि रिकामे करणे यांचे प्रमाण ७१ टक्के आले. चांगल्या ग्राफाइटला ते ९० च्या वर असते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वजन चुकले होते.

चकती १२ मिलिमीटरची, क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. तांब्याचा पत्रा ९ मायक्रॉनचा, म्हणजे नुसत्या तांब्याचे वजन ९.१ मिलिग्रॅम. लेपासकट चकती मी १०.४ मोजली होती, लेप १.३ मिलिग्रॅम. पण आमचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचतो आणि तांब्याचे वजन मी पत्र्याच्या दुसऱ्या टोकाच्या चकत्यांवरून घेतले होते, जिथे तो किंचित जाड आहे. दहा मिलिग्रॅमच्या तांब्यावर बसलेला एक मिलिग्रॅम मोजायचा, म्हणजे पोत्यासकट साखर तोलून पोत्याचे वजन अंदाजाने वजा करण्यासारखे.

शेजारच्या विभागातल्या मायक्रोबॅलन्सवर त्याच पट्टीतल्या, लेपालगतच्या कोऱ्या चकत्या आणि त्याच लेपाच्या उरलेल्या चकत्या मोजल्या. लेप १.६२ मिलिग्रॅम. १०४० चे झाले ८३५. आणि मी १०० समजत होते तो प्रवाह खरा ८० मिलिअँपिअर प्रति ग्रॅम होता, म्हणजे सेल मला वाटत होते त्याहून हळू चालला होता. हळू चालवले की आकडा अजून वाढतो. एका वजनातून दोन चुका, दोन्ही एकाच दिशेला.

बाबांना फोनवर सांगितले. त्यांनी विचारले, “तराजू कधी तपासून घेतला होता?” गॅरेजमध्ये टॉर्क रेंच ते दरवर्षी तपासून घेतात. मी लॅबच्या तराजूबद्दल हा प्रश्न विचारलाच नव्हता.

८ ऑक्टोबर, मंगळवार

८३५ सुद्धा ६७० च्या वरच. आता एकेक वाटा वेगळा करते आहे.

नमुना हवेत जाळला: कार्बन उडून जातो, मॉलीचे मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड होते. ६०० अंशांनंतर वाचायचे नाही, पुढे ट्रायऑक्साइडही उडू लागते. ७४ टक्के उरले. १६० ग्रॅम मॉलीचे १४४ ग्रॅम ट्रायऑक्साइड होते, तेव्हा मूळ मॉली ८२ टक्के, कार्बन १८. मॉलीचा वाटा ६७० च्या ८२ टक्के, ५४९. नुसत्या क्षपित ग्राफीन ऑक्साइडचे वेगळे सेल केले, ते ४२० देतात, त्याचे १८ टक्के म्हणजे ७६. सुपर पी कार्बनला सगळे निष्क्रिय समजतात, पण त्याचे वेगळे सेल २३० देतात. ८० भागांमागे १० भाग, म्हणजे २९. बेरीज ६५४.

उरले १८१. यातला काही भाग एसईआयवरच्या जेलीसारख्या पापुद्र्याचा, जो कमी व्होल्टेजला वाढतो आणि ३ व्होल्टपर्यंत नेले की थोडा विरघळतो. हळूहळू चढत जाणारी धारकता (जुन्या वजनावर पहिल्या सायकलला ९८५, सातव्याला १०४०) याच्याशी जुळते. दुसरा संशय तांब्यावर. गंधक सुटा झाला तर तांबे गप्प बसणार नाही, कॉपर सल्फाइड होईल. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा इथे वापरता येत नाही, इतक्या खालच्या व्होल्टेजला ते लिथियमबरोबर मिश्रधातू करते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर चार सेल लावले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

स्टीलवर त्याच लेपाने सातव्या सायकलला ७४०. तांब्यावर ८३५. तांबे निर्दोष नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस आणि या प्रकल्पातला माझ्यासाठी सगळ्यात मोठा. पाच सायकल झालेला सेल रिकाम्या अवस्थेत ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला. सेपरेटर पांढरा असायला हवा होता, तो फिकट पिवळा निघाला. हा रंग पॉलिसल्फाइडचा (लिथियम आणि गंधकाच्या साखळ्यांची विरघळणारी संयुगे), लिथियम-गंधक बॅटरीवर काम करणारे तो लांबून ओळखतात.

चकती डायमिथाइल कार्बोनेटने धुतली, कॅप्टॉन या प्लॅस्टिकच्या टेपखाली बंद केली आणि एक्स-रेला नेली. १४.२ अंशांचे शिखर नाही. ९.४ लाही नाही. फक्त तांब्याची दोन, ४३ आणि ५० अंशांवरची.

मॉली राहिलेलीच नाही. १.१ व्होल्टला लिथियम थरांमध्ये शिरतो तोवर थर असतात. मग ०.६ च्या आसपास दुसरी क्रिया होते, मॉलीचे मॉलिब्डेनम धातू आणि लिथियम सल्फाइड होते. रिकामे करताना लिथियम सल्फाइडचा गंधक होतो, मॉली परत बनत नाही. दुसऱ्या सायकलपासून व्होल्टेजचा वक्र बदलतो हे मला सप्टेंबरातच दिसत होते: १.१ चे पठार (वक्राचा सपाट भाग) गायब आणि रिकामे करताना २.२ ला नवे. मी ते ‘सक्रियण’ म्हणून सोडून दिले होते. ती खरे तर मॉलिब्डेनमचे कण आणि ग्राफीनच्या चादरींत अडकवलेली एक लहान लिथियम-गंधक बॅटरी होती.

चार लिथियमचे ६७० मिळतात ते थर मोडून. मी ज्या थरांसाठी हा विषय घेतला, ते पहिल्याच भरण्यात संपतात. ऑगस्टमध्ये शिखराच्या भावंडाचा शोध घेत मी दोन दिवस घालवले, ते ज्या रचनेसाठी, ती रचना अ‍ॅनोडच्या कामाला लागल्यावर एक दिवसही टिकत नाही. ग्राफाइट याच्यापुढे किती शहाणे वाटते. लिथियम शिरला की त्याचे थर ०.३३५ वरून ०.३७० पर्यंत सरकतात, तो निघाला की परत येतात, आणि हे हजारो वेळा होते.

मॅडमनी चित्र पाहिले आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, “हे चांगलं काम झालं.”

२५ नोव्हेंबर, सोमवार

थर टिकवून चालवले तर काय मिळते? नवे सेल, व्होल्टेज १ च्या खाली नेलेच नाही. एका रेणूत एकच लिथियम, सिद्धांताने १६७. मला १४२ मिळाले, मायक्रोबॅलन्सच्या वजनावर. ३० सायकलनंतर सेल उघडला: शिखर १४.१ वर, रुंद झालेले पण जागेवर. सेपरेटर पांढराशुभ्र.

थर राहतात. पण १ ते ३ व्होल्टमध्ये चालणारा पदार्थ हा कॅथोड झाला, मोली एनर्जीने केला होता तोच. जुलैतल्या नोंदीपाशी येऊन पोचले.

९ डिसेंबर, सोमवार

पूर्ण सेलचा हिशेब, कॅथोड लिथियम आयर्न फॉस्फेट: धारकता १७०, व्होल्टेज ३.४. दोन्ही बाजूंचा फक्त क्रियाशील पदार्थ धरला आहे.

१००० मिलिअँपिअर-तास साठवायला कॅथोड ५.८८ ग्रॅम लागतो. समोर ग्राफाइट असेल तर २.६९ ग्रॅम, एकूण ८.५७. समोर मॉली असेल तर १.४९ ग्रॅम, एकूण ७.३७. अ‍ॅनोडची धारकता जवळजवळ दुप्पट झाली तरी एकूण वजन १४ टक्केच उतरले, कारण बोजा कॅथोडचा आहे.

आता व्होल्टेज. ग्राफाइटसमोर सेल ३.२ व्होल्ट देतो. माझी मॉली रिकामी होताना सरासरी १.७ ला असते, म्हणजे सेलला उरतात ३.४ वजा १.७, फक्त १.७. ऊर्जा: ग्राफाइटचा सेल ३.२ वॅट-तास, ८.५७ ग्रॅममध्ये, म्हणजे किलोला ३७३ वॅट-तास. मॉलीचा १.७ वॅट-तास, ७.३७ ग्रॅममध्ये, किलोला २३१.

आणि पहिल्या भरण्यात गेलेला लिथियम अजून धरलेलाच नाही. माझे सेल ‘अर्धे’, त्यांत समोर खऱ्या कॅथोडऐवजी लिथियम धातूचा मोठा साठा असतो, म्हणून ७१ टक्क्यांचे दुखणे दिसत नाही. खऱ्या सेलमध्ये लिथियम कॅथोडमधूनच येतो. तो भरून काढायला ५.८८ ऐवजी ८.२८ ग्रॅम कॅथोड घालावा लागेल. मग एकूण ९.७७ ग्रॅम आणि किलोला १७४.

३७२ विरुद्ध ६७० म्हणताना यातले काहीच दिसत नाही. हा तक्ता मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात पहिल्याच पानावर घालणार आहे, परिशिष्टात नाही. मॅडमनी विचारले, परीक्षक म्हणतील मग मॉली घेतलीच कशाला? मी म्हटले, कुणीतरी दुसरी मुलगी पुढच्या वर्षी याच आकड्यावर विषय निवडेल, तिने आधी हे पान वाचावे.

१९ डिसेंबर, गुरुवार

पुढच्या सत्राचे ठरले. खालच्या व्होल्टेजला चालणारे आणि न मोडणारे थर कार्बनचेच आहेत. जुलैत केलेल्या ग्राफीन ऑक्साइडच्या पद्धतीने ग्राफाइट अर्धवटच ऑक्सिडाइझ करायचे, परमँगनेट सहाऐवजी एक, दीड आणि दोन ग्रॅम. मग आर्गॉनमध्ये तापवून थर परत जवळ आणायचे, पण पूर्ण नाही. अंतर थोडे जास्त राहिले तर लिथियम लवकर शिरतो का, म्हणजे बॅटरी लवकर चार्ज होते का, हे पाहायचे. ऑक्सिजनचे गट जास्त उरले तर पहिल्या भरण्यातला तोटा वाढेल, म्हणून पहिल्या दिवसापासून तोच स्तंभ वहीत आधी.

मायक्रोबॅलन्सची वेळ सोमवारी दुपारी तीनची मिळाली आहे. पत्र्याच्या कोऱ्या चकत्या लेपाच्या दोन्ही बाजूंनी पाच-पाच कापून ठेवल्या. उद्या सकाळी परमँगनेट, मामांना दोन बादल्या बर्फ सांगितला आहे.